दहा दिवसांची माया

पुण्याहून पौडमार्गे मुळशी धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर मुलांचे एक वसतिगृह आहे. ख्रिस्ती संस्थेचे आहे. नाव सांगण्याची गरज नाही. आम्ही राहतो मुळशी तालुक्यात आणि शिकवतो पुण्यातल्या उर्दू शाळेत. त्यामुळे येता-जाता बसच्या खिडकीतून त्याची रंगवलेली भिंत रोज दिसायची. आत जाण्याचे कारण मात्र कधी पडले नव्हते. ते पडले आमच्याच वर्गातल्या एका मुलामुळे.

मुलगा चौथीत होता. बाप सेंट्रिंगच्या कामावरून पडून वारला. आई चार घरची धुणीभांडी करू लागली. पदरात धाकटी मुलगी. दिवाळीच्या सुटीनंतर मुलगा शाळेत आलाच नाही. चौकशी केली तेव्हा कळले, की ती जिथे काम करायची त्या घरच्या बाईंनी ओळख काढून दिली आणि आईने त्याला मुळशीच्या वसतिगृहात ठेवले. राहणे, जेवण, शाळा सगळे फुकट.

ही बातमी मोहल्ल्यात पसरायला वेळ लागला नाही. जुम्याच्या नमाजनंतर जमातीतली चार माणसे आमच्याकडे आली. "सर, बच्चा ईसाई हो जाएगा. तुम्ही तिकडंच राहता, जाऊन घेऊन या." आम्ही विचारले, आणल्यावर ठेवायचा कुठे? एकाने दूरच्या जिल्ह्यातल्या यतीमखान्याचे नाव सांगितले. आम्ही म्हटले, त्याच्या आईला दरमहा खोलीभाड्यापुरती रक्कम आपण सगळ्यांनी मिळून दिली तर तो घरीच राहील. यावर चौघांनी एकमेकांकडे पाहिले. विचार करून सांगतो म्हणाले. ईमान वाचवायला चार माणसे येतात, भाडे द्यायला एकही नाही, असे कडवट वाक्य तेव्हा आमच्या तोंडावर आले होते. पण ते आम्ही बोललो नाही, कारण तोवर आम्हीही त्या बाईला एक पैसा दिलेला नव्हता.

जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही वसतिगृहात गेलो. त्या दिवशी तिथे परदेशी पाहुणे होते. तिकडच्या चर्चची दहा-बारा तरुण मुले-मुली, दहा दिवसांच्या सेवायात्रेवर आलेली. कोणी भिंतीवर फुलपाखरे रंगवत होते, कोणी गिटार घेऊन गाणी शिकवत होते. प्रत्येकाच्या अंगाखांद्यावर दोन-दोन, तीन-तीन मुले लोंबकळत होती. आमचा विद्यार्थी एका सोनेरी केसांच्या मुलीचा हात धरून बसला होता. आम्हाला पाहून त्याने सलाम केला, पण हात सोडला नाही.

त्या मुलीशी आम्ही आमच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोललो. वय वीस. वर्षभर रविवारी चर्चमध्ये केक विकून तिने प्रवासखर्च जमवला होता. तिच्या डोळ्यांत लबाडी नव्हती. हे आम्ही मुद्दाम लिहीत आहोत. कारण आमच्या लोकांत अशा मुलीचे चित्र रंगवले जाते ते धर्मांतराचा डाव घेऊन आलेल्या हस्तकाचे. ती तशी नव्हती. तिला कोणाच्या तरी उपयोगी पडायचे होते. मुलाला काय आवडते, तो कशाला घाबरतो, हे तिने आठ दिवसांत आमच्यापेक्षा जास्त जाणून घेतले होते. आम्ही तर त्याला साडेतीन वर्षे शिकवले होते.

मुलाला बाजूला घेऊन विचारले, "जेवायच्या आधी काय म्हणतोस?" तो म्हणाला, "दोन्ही म्हणतो."

पुढच्या रविवारी पुन्हा गेलो, तेव्हा पाहुणे गेलेले होते. अंगणात मुले होती, पण आवाज नव्हता. स्वयंपाक करणाऱ्या मावशी म्हणाल्या, "आता आठ-दहा दिवस ही धड जेवायची नाहीत. दरवर्षीचं आहे. ते लोक जाताना रडतात, पोरं मागं रडतात. मग आम्ही निस्तरत बसतो." भिंतीकडे बोट दाखवून त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. ती भिंत दर हिवाळ्यात रंगवली जाते. मागच्या गटाने झाडे काढली होती. यंदा त्यांच्यावर पांढरा हात मारून फुलपाखरे काढली.

आमच्या डोक्यात प्रश्न घोळू लागला तो तेव्हापासून. मोहल्ल्यातली माणसे विचारत होती, की मुलाचा धर्म काय होणार. आम्हाला वाटले, त्याच्या आधी दुसरे काही विचारायला हवे. अनाथ मुलावर दहा दिवस माया करण्याचा हक्क कोणाला आहे काय?

बाहेरून येणाऱ्या भल्याचा अनुभव मुळशीकरांना जुना आहे. १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली येथल्या मावळ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, तेव्हाही वीज सगळ्यांच्या भल्याचीच होती. ज्यांचे भले करायचे त्यांना विचारण्याची पद्धत नव्हती, एवढेच. पण धरणाचा दाखला इथे पुरा लागू पडत नाही. आमच्या प्रश्नाला नेमका लागू पडणारा दाखला याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, पुणे-दौंड लोहमार्गावरच्या केडगावला आहे.

पंडिता रमाबाईंचे मुक्ती सदन सर्वांना माहीत आहे, निदान नावाने. रमाबाई स्वतः दुष्काळाने पोरक्या झालेल्या. १८७४ मध्ये काही महिन्यांच्या अंतराने आई, वडील, बहीण गेली. भावाबरोबर त्या पायी देशभर हिंडल्या. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेजच्या मठात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले ते अमेरिकेतल्या लोकांच्या पैशावर, पण एका अटीवर: मुलींना धर्म शिकवायचा नाही, त्यांचे आचार त्यांनी पाळावेत. सदन पुण्याला आले. रमाबाई आपल्या मुलीबरोबर प्रार्थना करीत, दार उघडे असे, काही मुली येऊन बसू लागल्या. १८९३ मध्ये गदारोळ झाला. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, 'केसरी'ने झोड उठवली, पालकांनी मुली काढून नेल्या. दार उघडे ठेवणे हा प्रचार झाला की नाही, यावर आजही वाद घालता येईल. आम्हाला दोन्ही बाजू समजतात. आईने मुलीबरोबर प्रार्थना करताना दार का लावून घ्यावे? आणि ज्या पोरक्या विधवेला त्या घराबाहेर जागाच नाही, तिला ते उघडे दार नुसते दार कसे वाटेल?

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातून रमाबाईंनी शेकडो उपाशी मुली-बायका गोळा करून आणल्या. १९०० च्या सुमारास गुजरातेतल्या दुष्काळानंतर केडगावात सुमारे दोन हजार जणी होत्या. तोवर अमेरिकन मंडळाचा दहा वर्षांचा करार संपला होता, आणि नवे सदन उघडपणे ख्रिस्ती होते. त्या मुलींपैकी बहुतेक ख्रिस्ती झाल्या. त्या काळात इतर कोणी त्यांना घ्यायला आले होते काय, हा प्रश्न विचारायला हवा. उत्तर फारसे अभिमानाचे नाही. त्या मुली शेती, विणकाम, छपाई शिकल्या. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर याच बायकांच्या छापखान्यात छापले गेले. रमाबाई १९२२ मध्ये गेल्या, ग्रंथ १९२४ मध्ये पुरा झाला.

रमाबाईंचा पत्रव्यवहार १९७७ मध्ये ग्रंथरूपाने आला, तो अ. भि. शहा यांनी संपादित केला. हमीद दलवाईंचे सहकारी म्हणून आमच्या वाचकांना हे नाव परके नाही. त्या पत्रांत वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिनशी रमाबाईंनी घातलेले वाद आहेत. ज्या मठाचे अन्न खाल्ले, त्याच मठाला त्या ठणकावून सांगतात, की मी माझी अक्कल तुमच्याकडे गहाण टाकलेली नाही. क्रूसावर लॅटिन अक्षरे कशाला, मला न समजणाऱ्या भाषेत मी माझी श्रद्धा का मिरवू, संस्कृत असू द्या, म्हणतात. आपल्या मुलीला काय शिकवावे, हे ठरवण्याचा अधिकार त्या सोडत नाहीत. हे वाचताना ऊर भरून येतो. आणि लगेच मनात येते, की रमाबाईंजवळ भांडायला संस्कृत होते. मध्य प्रांतातून आणलेल्या नऊ वर्षांच्या मुलीजवळ काय होते? तिने कोणत्या भाषेत म्हणावे, की भाकरी द्या पण माझे मला राहू द्या?

तरीही केडगावची आणि त्या फुलपाखरांच्या भिंतीची तुलना करताना आमचे मन केडगावकडे झुकते. मिनी एब्रम्ससारख्या परदेशी बायका तिथे आल्या त्या दहा दिवसांसाठी नव्हे. मराठी शिकल्या, प्लेगच्या आणि दुष्काळाच्या मुली अंगावर घेतल्या, वर्षानुवर्षे राहिल्या. त्यांच्या श्रद्धेशी आमचे पटो न पटो, त्या उद्या सकाळी तिथे असणार, हे मुलीला माहीत होते. रागवायचे तर समोर माणूस होता. ज्याच्यावर रागावता येते त्याची दया सोसवते.

बी.एड.ला मानसशास्त्राच्या पेपरात जॉन बाउल्बीवर पाच गुणांची टीप असे. मूल आणि त्याला सांभाळणारे माणूस यांच्यातला धागा लहानपणी वारंवार तुटला तर काय होते, हे आम्ही पाठ करून लिहिले आणि गुण घेतले. त्याचा अर्थ मुळशीच्या मावशींनी समजावून दिला. पुढे वाचन केल्यावर कळले, की हा प्रश्न आता जगभर चर्चेत आहे. नेपाळात हुमलासारख्या दुर्गम जिल्ह्यांतल्या आईबापांना शिक्षणाची लालूच दाखवून मुले काठमांडूला आणली गेली आणि कागदावर अनाथ ठरवली गेली, कारण पाहुण्यांना अनाथ मुले हवी होती. कंबोडियातल्या अनाथालयांत पाहणी झाली तेव्हा बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात निघाले. डिसेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बालहक्कांच्या ठरावात अनाथालयांतल्या अशा स्वयंसेवेपासून होणाऱ्या नुकसानीची दखल घेतली. आणि त्याच्या कितीतरी आधी, १९६८ मध्ये, इव्हान इलिच या कॅथलिक पाद्र्याने मेक्सिकोत सेवेला निघालेल्या अमेरिकन तरुणांना तोंडावर सांगितले होते, की या, बघा, शिका, डोंगर चढा; पण मदत करायला म्हणून येऊ नका. स्वतःच्या लोकांना असे सांगायला धारिष्ट लागते.

आमच्या लोकांना कोण सांगणार? हा लेख इथवर वाचून मोहल्ल्यातल्या त्या चौघांना आनंद होईल, म्हणून पुढचे लिहिणे भाग आहे.

आमच्याकडे पाहुणे दहा दिवसांचे नसतात, एका दुपारचे असतात. रमजानचा शेवटचा अशरा आला की यतीमखान्यांची पावतीबुके बाहेर पडतात. जकात आणि फितरा देणारा माणूस मुलांना पाहायला येतो. मुलांना स्वच्छ टोप्या घालून ओळीत उभे करतात, एकाकडून किरात म्हणवून घेतात, जेवू घालणाऱ्यासाठी हात उंचावून दुआ मागायला लावतात. आम्ही स्वतः काही वर्षांपूर्वी सातवीचा वर्ग घेऊन अशाच एका ठिकाणी गेलो होतो, कपडे आणि खीर घेऊन. आमच्या विद्यार्थ्यांवर चांगले संस्कार व्हावेत हा हेतू. एका लहान मुलाने आमचे बोट धरले आणि निघेपर्यंत सोडले नाही. "सर, फिर कब आओगे?" आम्ही म्हटले, ईदनंतर. तो फोटो बरेच दिवस आमच्या मोबाइलवर दर्शनी होता. ईदनंतर आम्ही गेलो नाही. त्यानंतरच्या ईदलाही नाही. त्या केक विकणाऱ्या मुलीला नावे ठेवायला बसलो की ते बोट आठवते.

यतीमाचा सांभाळ करणारा आणि मी जन्नतमध्ये असे असू, म्हणून पैगंबरांनी दोन बोटे जवळ धरून दाखवली, ही हदीस आम्ही मुलांना शिकवतो. सवाबाचा हिशेब आमच्या मनात पक्का बसला आहे. पण हदीस सांभाळ करणाऱ्याची आहे, भेट देणाऱ्याची नाही, हे आम्ही वर्गात कधी सांगितले नव्हते. सूरए दहरमध्ये अल्लाहच्या प्रेमापोटी गरीब, यतीम आणि कैद्याला जेवू घालणाऱ्यांचे वर्णन आहे. ते कोणाकडून मोबदला मागत नाहीत, आभारही मागत नाहीत. मग त्या ओळीत उभ्या केलेल्या मुलांकडून दुआ वसूल करणे हे काय आहे? दुआ हा मोबदला नाही, असे कोणी म्हणेल. मुलाला विचारून पाहावे.

कुरआनात यतीमाविषयी जे आहे त्यात मायेपेक्षा हिशेब अधिक आहे, हे आम्हाला हा लेख लिहिताना प्रथमच लक्षात आले. सूरए निसाच्या सुरुवातीलाच त्याच्या मालमत्तेची चर्चा आहे: खाऊ नका, बदलू नका, जाणता झाला की साक्षीदार ठेवून त्याची त्याला परत करा. सांभाळणारा मालक नाही, अमानतदार आहे. नावाचेही तसेच. पैगंबरांनी ज़ैद यांना मुलगा मानले, लोक त्यांना ज़ैद बिन मुहम्मद म्हणू लागले. आयत उतरली, की मुलांना त्यांच्या बापाच्या नावाने हाक मारा. आणि ज़ैद पुन्हा ज़ैद बिन हारिसा झाले. दत्तक घेण्याविरुद्ध म्हणून या आयतीचा दाखला दिला जातो. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बालन्याय कायद्याखाली कोणत्याही धर्माच्या व्यक्तीला मूल दत्तक घेता येईल असे स्पष्ट केले, तेव्हाही ही चर्चा झाली. तो वाद इथे नको. आम्हाला दिसतो तो दुसरा अर्थ. मूल आपल्या घरात आले म्हणून त्याचे आधीचे सगळे पुसून टाकण्याचा अधिकार मिळत नाही. भिंतीवरच्या झाडांवर पांढरा हात मारता येतो, मुलावर नाही.

ज़ैद यांच्याच चरित्रात आणखी एक प्रसंग आहे. लहानपणी पळवून विकला गेलेला हा मुलगा मक्केत आहे असे कळल्यावर त्यांचे वडील आणि चुलते खंडणी घेऊन आले. पैगंबरांनी पैसे नाकारले आणि ज़ैद यांनाच विचारले, की तू ठरव. ज़ैद राहिले. राहिले हे आपण अभिमानाने सांगतो. त्यांना विचारले गेले, हे पुरेसे सांगत नाही.

आणि खुद्द पैगंबर? जन्माआधी वडील, सहाव्या वर्षी आई, आठव्या वर्षी आजोबा गेले. त्यानंतर सांभाळले चुलते अबू तालिब यांनी. सुन्नी परंपरेप्रमाणे अबू तालिब यांनी अखेरपर्यंत इस्लाम स्वीकारला नाही, तरी पुतण्याच्या पाठीमागचा हात काढला नाही. इस्लामच्या इतिहासातला सर्वांत मोठा यतीम अशा माणसाच्या छायेत वाढला, ज्याची श्रद्धा वेगळी राहिली. आमच्या चौघांना आम्ही हे सांगितले तेव्हा एकाने तोंड फिरवले. दुसरे, वयाने मोठे होते, ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "भाडं किती आहे तिचं?"

वसतिगृहाच्या लोकांविषयी आमची तक्रार नाही. त्यांनी मुलाला सक्ती केली नव्हती, आईला दर रविवारी भेटू दिले, आणि मुलाला न्यायचे म्हटल्यावर अडवलेही नाही. उलट तिथल्याच एका ताईंनी आम्हाला सरकारच्या बालसंगोपन योजनेची माहिती दिली. एक पालक गमावलेल्या मुलाला संस्थेत न ठेवता घरीच वाढवता यावे म्हणून दरमहा पैसे मिळतात. २०२३ मध्ये ती रक्कम २२५० रुपये झाली. वीस वर्षे शेजारी असलेली योजना आम्हा शिक्षकांना ख्रिस्ती वसतिगृहातून कळावी, याची लाज वाटली. बापाच्या मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शाळेचा दाखला, बालकल्याण समितीपुढे हजेरी. मुलाच्या आईने चार खाडे केले. पैसे सुरू व्हायला बरेच महिने लागले, मधल्या काळात आम्ही तीन शिक्षक आणि ते वडीलधारे गृहस्थ यांनी भाडे भरले. दोन महिने आमच्याकडून चुकले, हेही लिहून ठेवतो. घरमालकाला तोंड देताना त्या बाईला काय वाटले असेल, ते तिने सांगितले नाही.

मुलगा आता पुन्हा आमच्या शाळेत येतो. गणितात कच्चा आहे. आईला संध्याकाळी यायला उशीर होतो, तोवर बहिणीला तोच सांभाळतो. वसतिगृहात तीन वेळचे जेवण होते, इथे दोनदा होते; हा हिशेब तो आम्हाला स्पष्ट सांगतो.

गेल्या नाताळनंतर वसतिगृहाच्या ताईंनी पौडच्या थांब्यावर आम्हाला एक पाकीट दिले. त्या सोनेरी केसांच्या मुलीने मुलाला कार्ड पाठवले होते. दहा दिवसांची असली तरी ती विसरली नव्हती. मुलाने कार्ड दोनदा वाचून घेतले आणि उत्तर इंग्रजीत लिहून द्या म्हणून मागे लागला. मधल्या सुटीत बसलो. तो सांगत गेला, आम्ही लिहीत गेलो. बहिणीचा पुढचा दात पडला. अम्मीने नवी शिलाई मशीन आणली, जुनीच आहे पण चालते. मी आता तिथे नाही, घरी आहे. तू काढलेलं निळं फुलपाखरू बसमधून दिसतं असं सर सांगतात. मग म्हणाला, शेवटी लिहा, तू परत कधी येणार?

हे वाक्य लिहावे की नाही म्हणून आम्ही पेन थांबवले. तो कागदाकडे बघत उभा होता. आम्ही लिहिले.